पहिली सही तुमची

खारघर, ९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

अर्जाची प्रत मिळाली. अकरा सह्या आहेत, पहिली तुमची. ‘दे. रा. भोईर, अध्यक्ष, गावदेवी देवस्थान ट्रस्ट, तळवली.’ खाली गोल शिक्का. शेवटचा र ओळीखाली उतरलाय, म्हणजे सही उभ्याउभ्या केलेली नाही. टेबलाशी बसून, चष्मा लावून, सावकाश केलीय.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तो कागद पुढे सरकवला, तेव्हा त्यांना काही ठाऊक नव्हतं. आडनाव बघून त्यांनी सहज विचारलं, हे तुमच्या गावचेच का? मी म्हटलं, माझे वडील. त्यानंतर बराच वेळ ते पंख्याकडे बघत होते.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून पत्र. घरात मी तुम्हाला ‘तू’ म्हणत आले. पण अर्जात तुम्ही मला ‘सदर प्राध्यापिका’ म्हटलंय. तेव्हा इथे मीही ‘तुम्ही’च लिहिणार.

अर्जाप्रमाणे ‘सदर प्राध्यापिकेने कॉम्प्युटर गेमच्या नावाखाली मुलांना देवाच्या मूर्ती फोडण्याचे शिक्षण दिले’. तुम्ही ती क्लिप पाहिलीत, की देवळाच्या ओट्यावर कोणी सांगितलं तेवढंच ऐकलंत? वर्गातल्याच कोणीतरी मोबाइलवर काढलेली, एकोणीस सेकंदांची आहे. एक मुलगी कॉम्प्युटरसमोर उभी राहून म्हणते, “सगळ्या मूर्त्या काढा. मठांचं सोनं वितळवा आणि सैन्याचे पगार करा.” मागे पोरं टाळ्या वाजवतात. कोपऱ्यात मी दिसते, हातात खडू, आणि मी हसतेय. हो, हसतेय. ते कोणी जोडलेलं नाही.

आता काय चाललं होतं ते सांगते. आमच्या दुसऱ्या वर्षाला जगाचा इतिहास आहे. पुस्तक उघडलं की पोरं झोपतात. म्हणून मी लॅबमध्ये त्यांच्याकडून एक राज्य चालवून घेते. गेममध्ये मोठा नकाशा असतो. कुठल्या सुभ्यातले लोक काय मानतात, धर्मगुरूंचं वजन किती, सैन्य खूश आहे की कुरकुरतंय, हे सगळं पडद्यावर दिसतं. एक फर्मान काढलं की सगळं हलतं. इकडे जोडायला जावं तर तिकडे उसवतं. प्रत्येक पोराला एक खुर्ची दिलेली असते आणि शेवटचा शब्द सम्राटाचा.

आमचं राज्य होतं आठव्या शतकातलं पूर्वेचं रोमन साम्राज्य. राजधानी कॉन्स्टँटिनोपल. तिथल्या देवळांत देवाची आणि संतांची रंगवलेली चित्रं पुजत. त्या काळी तिथल्या सम्राटांनी खरोखरच त्या चित्रांवर बंदी घातली होती. हे मी रचलेलं नाही, अभ्यासक्रमात आहे. गेममध्ये ती वेळ आली. समुद्रात ज्वालामुखी फुटला, सैनिक म्हणायला लागले की देव आपल्यावर कोपला, चित्रांची पूजा बंद करा. शत्रू वेशीपाशी, पगार थकलेले. सम्राटाच्या खुर्चीत मनस्वी होती. तिने बंदीचं फर्मान काढलं. मराठीत बोलताना तिच्या तोंडून ‘चित्रं’ऐवजी ‘मूर्त्या’ आलं, आणि त्या एका शब्दावर तुम्ही अकरा जण जमलात.

कॉलेजचं म्हणणं, दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय मिटवू. मी कंत्राटावर आहे. जूनमध्ये नवं पत्र मिळतं की नाही हे त्यांच्या हातात. मला ते समजतं.

मी माफी लिहून देणार नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

नमिता


खारघर, २ मार्च २०२५

बाबा,

आईचा फोन आला होता. तुम्ही ताडगोळे आणायला गेलेले असताना केला म्हणाली. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि पेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवलंत. मग जेवताना तिला म्हणालात, “तिला सांग, दोन ओली लिहून दे न मोकली हो. कोन तिला फासावर देतंय?”

फासावर कोणी देत नाहीये, खरं आहे. पण त्या दोन ओळी काय आहेत ते तुम्हाला कोणी दाखवलं नसेल. ‘माझ्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे श्रद्धेचा अवमान झाला. यापुढे मी धर्माशी संबंधित कोणताही विषय वर्गात घेणार नाही.’ बाबा, धर्म वगळून इतिहास शिकवायचा म्हणजे खाडी वगळून तळवली सांगायची. बांध कोणी घातले, मीठ कोणी पिकवलं, भांडणं कशावरून झाली, काही सांगताच येणार नाही.

आणि हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? तुम्ही सातवीपर्यंत शिकलात, आयुष्य कंपनीत बॉयलरवर काढलंत. पण पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून भोईर आणि म्हात्रे भावकीत काठ्या निघाल्या, तेव्हा तुम्ही काय केलंत? भोईरांना निघताना पहिला खांदा दिला आणि म्हात्र्यांना परतताना. वर म्हात्र्यांच्या म्हाताऱ्याला नारळ वाढवायचा मान दिला. दोन्ही बाजू जिंकल्या म्हणून नाचल्या. माझ्या वर्गातल्या एकाही सम्राटाला असं सुचलेलं नाही. मी ती गोष्ट दर वर्षी सांगते, फक्त तुमचं नाव घेत नाही.

आता एकोणीस सेकंदांनंतर काय झालं ते ऐका.

फर्मानाला धर्मगुरूची संमती लागते. त्या खुर्चीत संघर्ष होता, घणसोलीला राहतो, एरवी तोंड उघडत नाही. मनस्वीने त्याच्यापुढे कागद ठेवला. मी खरोखरचा कागद ठेवते, पोरांना गंमत वाटते. तो म्हणाला, “माझी सही मिळणार नाही.” मनस्वीने त्याला पद सोडायला लावलं आणि दुसऱ्याला बसवलं. दुसऱ्याने सही केली. संघर्ष मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि पश्चिमेचे सुभे एकेक करून बिथरले.

राणीच्या खुर्चीत वैदेही होती. तिने मला चिठ्ठी दिली की मी राजवाड्यात चित्रं लपवून ठेवणार, सम्राटाला सांगू नका. गेममध्ये तशी सोय आहे. महिन्यामागून महिने गेले, मनस्वी चित्रं उतरवत राहिली आणि तिच्याच घरात ती राहिली.

हे लिहिताना मला आपलं घर आठवलं, हे मी नाकारत नाही.

आई नव्या देवळात जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या चढवत नाहीत असं ती सांगते. बाजारातल्या पुलाच्या पायऱ्या मात्र चढते. सहा वर्षांपूर्वी देऊळ पाडून नवं बांधलं, संगमरवरी मूर्ती आली, आणि जुना तांदळा, शेंदराची पुटं चढलेला तो बिनचेहऱ्याचा दगड, होडीतून खाडीत सोडायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी आई एकटी देवळात गेली होती. तांदळ्याच्या बगलेचा शेंदराचा एक पापुद्रा तिने नखाने सोडवून आणला. तळहाताएवढा. कुठे ठेवलाय ते मी सांगणार नाही. तिने तेव्हाच माझ्याकडे आणून मला दाखवला होता. बाबांना बोलू नको, म्हणाली होती, आणि मी सहा वर्षं बोलले नाही. आज लिहिलंय ते तिला विचारून. “लिव,” म्हणाली. “किती दिवस भ्यायचं?”

तर देवाची मूर्ती हलवण्याचा विषय मी वर्गात आणला म्हणून तुम्ही सही केलीत. तुमच्या हातून काय हललं, ते कोणत्या अर्जात लिहायचं?

एक गोष्ट माझ्याकडूनही. गेम वापरायची परवानगी मागताना मी फॉर्मवर ‘व्यापार आणि प्रशासन’ लिहिलं होतं. ‘धर्म’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. लिहिला असता तर परवानगी मिळाली नसती. ही माझी चूक आहे आणि ती मी चौकशीत सांगणार आहे. पण ती कॉलेजशी केलेली लबाडी आहे. देवाशी नाही, आणि तुमच्याशी तर नाहीच.

चौकशी २१ तारखेला आहे. तक्रारदारांच्या वतीने अध्यक्ष येणार असं कळलं. या.

नमिता


खारघर, २३ मार्च २०२५

बाबा,

तुम्ही समोर बसला होतात, तरी पत्र लिहितेय. त्या खोलीत आपण एकमेकांशी बोललोच नाही.

पांढरा शर्ट, खिशाला पेन. केस फार पांढरे झालेत. कुंदन तुम्हाला गेटपाशी सोडून गाडीत बसून राहिला, बहिणीच्या समोर यायला त्याला जमलं नसावं. त्याला सांगा, मी रागावलेले नाही. त्याच्यावर नाही.

चौकशी कशी झाली ते तुम्ही पाहिलंत. पण तुम्हाला एका बाजूने दिसलं, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

त्या दिवशीचा सगळा तास लॅबच्या कॅमेऱ्यात होता. मी मागितलं म्हणून त्यांनी तो सगळा लावला. संस्थेचे जे सदस्य चौकशीचे अध्यक्ष होते, ते मधूनमधून मोबाइल बघत होते. तुमच्याबरोबरचे दोघे दहा मिनिटांत चहाला गेले. तुम्ही हलला नाहीत. संघर्षने सही नाकारली तेव्हा तुम्ही पुढे वाकलात. वैदेहीची चिठ्ठी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात, पण परत लावला नाहीत.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले, अगदी मऊ आवाजात. हे पाहता, मॅडम, चित्रं काढल्यामुळे त्या राज्याचं वाटोळं झालं, सुभे गेले. म्हणजे तुमच्या शिकवणीचं तात्पर्य श्रद्धेच्या बाजूचंच आहे. एवढं लिहून द्या. तक्रारदारांचंही समाधान होईल. प्राचार्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, घ्या. ते माझ्या भल्याचंच बघत होते, तो माणूस वाईट नाही.

त्या क्षणी मी ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. जूनचं पत्र मिळालं असतं. कदाचित तुम्हीही जाताना माझ्याकडे बघितलं असतंत.

पण माझ्याकडे दुसरी तुकडीही आहे. त्यांनी तोच गेम, तेच साल, तीच बंदी घेतली. त्यांच्या सम्राटाने आधी सैन्याला खूश केलं, मठांना जमिनी सोडल्या, आणि मग सावकाश चित्रं उतरवली. त्यांचं राज्य ऐंशी वर्षं टिकलं. एकही सुभा गेला नाही. हे मी लपवलं असतं तर मनस्वीचा तासही खोटा ठरला असता.

म्हणून मी म्हटलं, “सर, दुसऱ्या तुकडीने चित्रं काढली आणि ते जिंकले. तात्पर्य एक नाही. मी पोरांना तात्पर्य शिकवत नाही.”

अध्यक्षांचा आवाज तिथे बदलला. मग तुम्ही नेमकं काय शिकवता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फर्मान काढणाऱ्याने कोणाच्या घरात काय मोडेल ते आधी बघावं, एवढं. बाकी ज्याचं त्याने ठरवावं. फॉर्मवर मी शब्द टाळला होता, तेही तिथेच सांगितलं. ते त्यांनी लगेच लिहून घेतलं. बाकीचं लिहिलं की नाही, माहीत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, तक्रारदारांना काही बोलायचंय का. मला वाटलं तुम्ही अर्ज वाचाल. तुम्ही उभे राहिलात, टेबलाची कड धरलीत. मला वाटतं सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे थेट बघितलंत.

“त्या राजाला ठावं व्हतं का?” तुम्ही विचारलंत. “रानीनं घरान लपवलंय ते?”

अध्यक्ष म्हणाले, काका, ते विषयाला सोडून आहे. तुम्ही एकदा मान हलवलीत आणि खाली बसलात. मी तोंड उघडलं होतं, पण प्राचार्यांनी कामकाज संपल्याचं सांगून टाकलं. मी बाहेर आले तोवर कुंदनची गाडी वळणावर पोचली होती.

उत्तर देते. हो, ठावं होतं. तास संपल्यावर मी मनस्वीला चिठ्ठीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला कधीच कळलं होतं मॅम, वैदेहीला लपवता येतं का काही. मी विचारलं, मग पकडलं का नाहीस? गेममध्ये तसा हुकूम देता येतो. ती म्हणाली, “देता येतो. पण मग घरी कोणाबरोबर जेवणार?”

तुम्ही किती वर्षांपासून ओळखून आहात, बाबा? विचारत नाही, सांगूही नका. आईला मात्र कधीतरी कळू द्या की तिला आता लपवायची गरज नाही.

आता माझ्याकडचं एक राहिलंय. तांदळा खाडीत सोडायचं ठरलं, गावच्या त्या बैठकीत मी बायकांच्या मागून उठून उभी राहिले आणि म्हटलं की तांदळा नव्या मूर्तीच्या बाजूला राहू द्या. एवढ्यावर थांबायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिला शिकवली, आता ही आपल्याला शिकवते. लोक हसले. मग मी म्हटलं, देवी जुनी झाली म्हणून टाकता, उद्या आईलाही टाकाल. त्यानंतर तुम्ही मला गावात पाऊल ठेवू नको म्हणालात.

ते आईबद्दलचं वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्ही तिला कधी टाकलं नसतं, मला माहीत होतं, आणि माहीत असूनच बोलले. त्या वाक्याची माफी मी मागते. लेखी, सहीसकट, इथे.

बाकी तांदळ्याबद्दल जे बोलले ते उद्या पुन्हा बैठक झाली तर पुन्हा बोलेन. आणि वर्गाबद्दल तर एक अक्षर मागे घेणार नाही.

नमिता भोईर


खारघर, २७ एप्रिल २०२५

बाबा,

दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या.

पहिली, कॉलेजचं पत्र. पुढच्या वर्षासाठी माझी गरज नाही. कारण दिलेलं नाही, द्यावंही लागत नाही. मी लॅबमधला माझा खडूचा डबा आणि नकाशे घेऊन आले.

दुसरी मला प्राचार्यांनी फोनवर सांगितली. तुमचं एका ओळीचं पत्र कॉलेजला पोचलंय. ‘सदर अर्जावरील माझी सही मी मागे घेत आहे.’ शिक्का नाही, फक्त नाव. ते खूश होते. म्हणाले, आता मुख्य तक्रारदारच बाजूला झालाय, तुम्हीही जरा नमतं घ्या, त्या दोन ओळी दिल्यात तर मी वर बोलतो, पत्र फिरवता येईल.

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं ऐकू नाही आलं. पुन्हा सांगितलं.

कुंदन काल आला होता, पिशवीत सुकट, बोंबील आणि आईने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसला होता. म्हणाला, ताई, बाबांनी एवढं केलं, तू एक पाऊल पुढं ये. दहा जण त्यांना ओट्यावर बसू देत नाहीत आता, चहाला कोणी बोलवत नाही. मी त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं की बाबांना जे सांगायचं ते मीच लिहीन.

तर ऐका. तुम्ही सही मागे घेतलीत, त्याचं मोल मला कळतं. साठी उलटल्यावर गावात एकटं पडायचं, हे सोपं नाही. मी तुमचे आभार मानते आणि तरी माझी एक तक्रार आहे. सही तुम्ही देवळात केलीत, दहा जणांसमोर, शिक्का मारून. मागे मात्र टपालाने घेतलीत. गावात अजून निम्म्या लोकांना वाटतं की कॉलेजने तुम्हाला घाबरवलं. जिथे केली तिथेच मागे घ्या ना. ओट्यावर, सगळ्यांसमोर. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका. नुसतं म्हणा, मी सगळा तास बघितला, तुम्ही बघितला नाहीत.

हे मी मागतेय ते माझ्या नोकरीसाठी नाही, ती गेलीच. पण बाकीच्या दहांपैकी तिघांच्या मुली कॉलेजात जातात. उद्या त्यांच्यातली एखादी उभी राहून काही विचारेल, तेव्हा तिला कोणी गप बसवताना दोनदा विचार करावा, म्हणून.

आणि तुम्ही ते केलं नाहीत, तरीही मी गावात येणार आहे. गावात पाऊल ठेवू नको असं तुम्ही म्हणालात, मी सहा वर्षं ऐकलं. आता नाही ऐकणार. पुढच्या आठवड्यात आईला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, खरंच दुखतायत, तिने मला सांगितलं. मी दारात येऊन तिला घेऊन जाईन. तुम्ही आत असाल तर असाल.

नमिता


खारघर, २५ मे २०२५

बाबा,

आईला न्यायला आले त्या दिवशी दारात तुम्ही होतात. “बाय, जेवून जा,” एवढंच म्हणालात. मी जेवले. आईने तुमच्यादेखत देवघरातून त्या पापुद्र्याची डबी काढून कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली, आणि तुम्ही भात कालवत राहिलात. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते तुमच्या दोघांचं आहे.

ओट्यावरचं अजून झालेलं नाही, हे मला कुंदनने सांगितलं. मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल.

इकडचं सांगते. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये वर्ग घ्यायला सेक्रेटरीने नकार दिला. त्यांनीही ती क्लिप पाहिली होती. म्हणून आता माझ्या हॉलमध्येच बसतो, दर रविवारी सकाळी दहाला. मी सोफा विकून टाकला आणि दोन जुने मॉनिटर आणले. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. पहिल्या रविवारी चौघं आली, गेल्या रविवारी नऊ. मनस्वीच्या आईने तिला यायला बंदी केली होती. मग एकदा त्या स्वतः येऊन मागे बसल्या, आणि तास संपल्यावर त्यांनी मला विचारलं की सेनापतीला एवढा अधिकार कशाला द्यायचा. आता दोघी येतात. नोकरीसाठी दोन ठिकाणी मुलाखती दिल्यात. बघू.

मला धमकीचे दोन मेसेज आले, ते मी पोलिसांत दिले. घाबरले नाही असं म्हणणार नाही. दार बंद केलं नाही, एवढं खरं.

पोरांनी यावेळी नवं राज्य घेतलंय. तीन धर्म, दोन भाषा, नऊ वर्षांचा राजा आणि त्याच्या नावाने राज्य चालवणारी त्याची आत्या. पहिल्याच महिन्यात उत्तरेच्या सुभ्यातल्या देवस्थानांनी वाद काढलाय, उत्सवात आधी कोणाची मिरवणूक. वैदेही म्हणते एकाला हाकला. मनस्वीच्या आई म्हणतात दोघांनाही बसवून जेवू घाला. कोणालाच धड सुचत नाहीये, आणि मी सांगणार नाही.

संघर्षला उरणला कंटेनर यार्डात काम लागलंय, रविवारची सुट्टी मिळत नाही. त्यामुळे धर्मगुरूची खुर्ची रिकामी आहे. ती कोणालाही देता येत नाही. राजा काहीही म्हणो, पटलं नाही तर सही करायची नाही, आणि केली असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून मागे घ्यायची, एवढी छाती असलेला माणूस तिथे लागतो.

जून लागेपर्यंत ती मी कोणाला देणार नाही. खारघरला उतरलात की रिक्षावाल्याला सेंट्रल पार्क सांगा, मी खाली येऊन थांबेन. एकच अट आहे. मोबाइल दाराबाहेर ठेवावा लागेल, अध्यक्ष असलात तरी.

नमिता